निश्चलनीकरण, विमुद्रीकरण आणि नाण्यावरची देवी

एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्या निर्णयाला मराठीत 'निश्चलनीकरण' म्हणावे की 'विमुद्रीकरण'? आणि २०२३ मध्ये दोन हजारांच्या नोटा काढून घेतल्या, त्यालाही 'नोटाबंदी' म्हणता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते वारंवार द्यावे लागते याचे वाईट वाटते. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा परत घेण्याची घोषणा केली, तेव्हाच या नोटा वैध चलन राहतील असेही स्पष्ट केले होते. ज्या नोटेची वैधता कायम आहे, तिच्यावर बंदी आली असे म्हणणे चूक आहे. तरीही 'दुसरी नोटाबंदी' हा शब्दप्रयोग बातम्यांतून आणि भाषणांतून सर्रास झाला आणि अजून होतो. शिवाय ती 'दुसरी' ठरत नाही, याचेही कोणाला भान नसते. १२ जानेवारी १९४६ च्या अध्यादेशाने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या होत्या (तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी आपले चिंतामणराव देशमुख होते), आणि जानेवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. म्हणजे २०१६ चा निर्णय हाच तिसरा होता.

आता मुख्य शब्दाकडे वळू. 'निश्चलनीकरण' या शब्दावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : 'निश्चल' म्हणजे स्थिर, न हलणारा, मग नोटा स्थिर करणे म्हणजे काय? हा आक्षेप घेणाऱ्यांनी शब्द नीट वाचलेलाच नसतो. 'निश्चल' पासून 'निश्चलीकरण' होईल, आणि त्याचा अर्थ गोठवणे असा होईल. बँकेतील खाते गोठवतात तेथे तो शोभेल. आपला शब्द 'निश्चलनीकरण' आहे. चलन ज्यातून निघून गेले ते निश्चलन, आणि जे तसे नव्हते ते तसे करणे म्हणजे निश्चलनीकरण. 'निर्जंतुकीकरण' आणि 'निर्जलीकरण' यांच्याच साच्यात घडलेला हा निर्दोष शब्द आहे. मधला 'न' गाळून 'निश्चलीकरण' असे म्हणणारे वक्ते आणि तसे छापणारे संपादक अर्थाचा घात करतात. एका अक्षराने खातेदाराची आणि नोटेची गोष्ट वेगळी होते, हे त्यांनी लक्षात घेतले पाहिजे.

'विमुद्रीकरण' हा हिंदीतून आलेला शब्द अधिक शास्त्रीय आहे, असे काही जाणकार ठामपणे सांगतात. मला ते मुळीच मान्य नाही. हिंदीत 'मुद्रा' म्हणजे एकूणच पैसा, चलन, आणि त्या भाषेत हा शब्द योग्यच आहे. मराठीत मात्र मुद्रा म्हणजे ठसा. शिवछत्रपतींची 'मुद्रा भद्राय राजते' ही मुद्रा ठशाचीच होती. मुद्रणालय, मुद्रांक शुल्क, मुखमुद्रा हे सारे शब्द उमटलेल्या खुणेभोवती फिरतात. त्यामुळे मराठी कानाला विमुद्रीकरण म्हणजे ठसा पुसणे. २०१६ मध्ये कोणत्याही नोटेवरचा ठसा पुसला गेला नाही. गांधीजींचे चित्र, गव्हर्नरांची सही, धारकाला रक्कम देण्याचे वचन, सारे जागच्या जागी होते.

ठसा बदलणे म्हणजे काय हे ज्यांना पाहायचे आहे, त्यांनी नाशिकजवळच्या जोगलटेंभीची आठवण करावी. १९०६ मध्ये तेथे क्षत्रप घराण्यातील राजा नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव केल्यावर त्याने शत्रूची चांदी फेकून दिली नाही किंवा वितळवतही बसला नाही. जुन्या मुद्रेवर नवी मुद्रा उमटवून तेच नाणे त्याने पुढे चालू ठेवले. तेथे मुद्रा गेली आणि चलन राहिले, तर २०१६ मध्ये मुद्रा राहिली आणि चलन गेले. या दोन क्रियांना एकच नाव देणारी परिभाषा मला शास्त्रीय वाटत नाही.

'चलन' हा शब्द येथे किती नेमका आहे, हे त्या पन्नास दिवसांच्या व्यवहारावरूनही दिसते. मराठीत पैसा चालतो, आणि 'ही नोट चालणार नाही' असेच दुकानदार म्हणतो. ९ नोव्हेंबरपासून पाचशेची जुनी नोट रुग्णालये, पेट्रोल पंप अशा काही ठिकाणी सवलतीच्या मुदतीपुरती घेतली जात होती. बाजारात ती चालत नव्हती, पण ३० डिसेंबरपर्यंत बँकेत भरता येत होती. चाल थांबली होती, मोल उरले होते. ते मोल देण्याची रिझर्व्ह बँकेची जबाबदारी संपल्याचे २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने ठरवले. मधल्या काळात जुन्या नोटा कमी किमतीत बदलून देणाऱ्यांचा धंदा चालला, आणि त्या कपातीसाठी आपल्याकडे सराफी व्यवहारातला 'बट्टा' हा जुना शब्द तयारच होता. 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार आपण त्याच अर्थच्छटेने वापरतो.

त्या काळात 'नोटा खोट्या ठरल्या' असेही लिहिले गेले, आणि येथून मी माझ्या अत्यंत आवडत्या शब्दाकडे येतो, तो म्हणजे 'नाणे'. बनावट नोटा हे त्या निर्णयाचे एक कारण म्हणून सांगितले गेले असले, तरी रद्द झालेली प्रत्येक नोट खोटी नव्हती. खरे आणि खोटे यांतला भेद आपल्या धर्मशास्त्रालाही महत्त्वाचा वाटत होता. याज्ञवल्क्यस्मृती सांगते : 'अकूटं कूटकं ब्रूते कूटं यश्चाप्यकूटकम् । स नाणकपरीक्षी तु दाप्य उत्तमसाहसम् ॥' खऱ्या नाण्याला खोटे आणि खोट्याला खरे म्हणणाऱ्या पारख्याला सर्वांत मोठा दंड करावा, असा याचा अर्थ. यातला 'नाणक' हाच आपल्या 'नाणे' या शब्दाचा पूर्वज आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात खलपात्र शकार नायिका वसंतसेनेला शिव्या देतो, तेव्हाही त्याच्या प्राकृतात 'णाणक' येते.

पण 'नाणक' कोठून आला? परंपरेने 'न आणकम्', म्हणजे जे क्षुद्र नाही ते, अशी फोड केली आहे. ही फोड म्हणजे शब्द समोर ठेवून त्याला मागाहून जोडलेली कथा आहे. धातूच्या तुकड्याला कोणी 'अक्षुद्र' असे नाव ठेवत नाही, आणि अशा व्युत्पत्ती अजून शाळांतून शिकवल्या जाव्यात हे मला पटत नाही. दुसरी उपपत्ती कितीतरी सबळ आहे. कुषाण राजा कनिष्काच्या नाण्यांवर एक देवी आहे आणि तिच्या शेजारी तिचे नाव ग्रीक लिपीत कोरलेले आहे : नाना. ही मूळची मेसोपोटेमियातील उरुक नगरीची देवी. अफगाणिस्तानात रबातक येथे १९९३ मध्ये सापडलेल्या शिलालेखात कनिष्काने आपल्याला राज्य नाना देवीकडून मिळाले असे म्हटले आहे. जिच्या कृपेने राज्य मिळाले, तिचे नाव आणि रूप राजाने आपल्या नाण्यावर घेतले, आणि लोकांनी त्या नाण्यालाच तिचे नाव दिले.

हे ओढूनताणून केलेले आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच आजोबा-पणजोबांची भाषा आठवावी. व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेल्या रुपयाला ते 'राणीछाप' म्हणत, आणि शिवरायांच्या तांब्याच्या नाण्याला 'शिवराई'. नाण्यावर ज्याचे नाव किंवा रूप, त्यावरून नाण्याचे नाव पडते. 'नाना' चा 'न' पुढे 'ण' झाला, यात प्राकृत जाणणाऱ्याला काही नवल वाटणार नाही. मला याचा विलक्षण आनंद होतो, कारण क्रिकेटच्या नाणेफेकीपासून 'खणखणीत नाण्या'पर्यंत आपण रोज त्या उरुकच्या देवीचे नाव घेत आहोत.

'काळा पैसा' या शब्दाविषयीही एक स्पष्ट सांगितले पाहिजे. नोट काळी नसते. तिच्या मागचा हिशेब सरकारला दाखवलेला नसतो, म्हणून 'बेहिशेबी' हा आपला शब्द अचूक आहे. रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांच्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटी रुपयांच्या नोटा बँकांत परत आल्या. बेहिशेबी संपत्ती नोटांच्या थप्प्यांतच पडून असेल आणि नोटांबरोबर मरेल, ही अपेक्षा त्या आकड्यांनी खोटी ठरवली, आणि 'काळा पैसा' या शब्दाने ती अपेक्षा निर्माण होण्यास मोठा हातभार लावला, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा प्रश्नकर्त्यांनी १९४६, १९७८ आणि २०१६ च्या निर्णयांना लेखनात 'निश्चलनीकरण' म्हणावे, आणि बोलताना 'नोटाबंदी' म्हटले तरी चालेल. समासात पहिले पद एकवचनी असावे म्हणून 'नोटबंदी' हवे, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा 'दारूबंदी', 'कुऱ्हाडबंदी' पाहता व्याकरणाला धरून आहे; पण मराठी माणसाने 'नोटाबंदी' रुळवला आहे, आणि रुळलेला शब्द मोडू नये. २०२३ साठी मात्र 'नोटा परत घेणे' हे साधे शब्द पुरेसे आहेत.