वाचकांचे प्रश्न : काठी भरीव निघाली, म्हणजे मानवेलच का?

प्रश्न : बांबूची दोन बेटे आहेत. एकाची काठी भरीव निघाली म्हणून तो मानवेल आणि दुसऱ्याची पोकळ म्हणून ती वेगळी जात, असे सांगण्यात आले. पाने तर सारखीच दिसतात. डेंड्रोकॅलॅमस या बांबूच्या प्रजातीतल्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातल्या) जाती नेमक्या कशा ओळखाव्यात?

उत्तर : भरीवपणावरून जात ठरवू नका. मानवेल, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, कोरड्या जागी जवळजवळ भरीव होतो आणि ओलाव्याच्या जागी पोकळ राहतो. तुमची दोन्ही बेटे मानवेलाची असू शकतात. उलट भरीव बेट मेसचेही (डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी) असेल. मानवेलाचे बेट दाटीवाटीचे असते, तर मेसच्या काठ्या सुट्या, एकमेकींपासून अंतर राखून उभ्या असतात. फांद्यांवर काटे असतील तर मात्र तो कटांग. त्याची प्रजातीच वेगळी, बांबुसा. डेंड्रोकॅलॅमसला काटे नसतात.

पानांवर फार विसंबू नये. रोपाची, नव्या फांदीची आणि जुन्या फांदीची पाने एकाच बेटात वेगवेगळ्या मापांची असतात. मानवेलाच्या पानाची खालची बाजू मऊ लवदार असते, एवढे पडताळून पाहा.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे नव्या कोंबावरचे आवरण. पावसाळ्यात कोंब उंच वाढलेला असतो, पण आवरणे अजून काठीला चिकटून असतात, तेव्हा ती काढावीत. जमिनीपासून चौथ्या ते सहाव्या गाठीवरचे आवरण घ्यावे. अगदी बुडाच्या आवरणाचे पाते (टोकाचा पानासारखा भाग) आखूड असते, वर जावे तसे ते लांबत जाते. म्हणून तुलना करताना गाठीचा क्रमांक सारखाच हवा. निदान तीन काठ्यांवरची आवरणे जमवा. खाली गळून पडलेले आवरण उचलू नका. त्याची लव झिजलेली असते, कडेचे नाजूक कान (पात्याच्या बुडाशी दोन बाजूंना असलेले कानासारखे भाग) आणि त्यांवरचे राठ केस तुटलेले असतात. मग ‘कान नाहीत’ अशी नोंद होते आणि ओळख भलत्याच जातीकडे जाते. सर्वाधिक चुका इथेच होतात.

दहापट भिंगाखाली चार गोष्टी पाहा : पाठीवरच्या लवेचा रंग व दाटी, पाते उभे आहे की मागे वळलेले, पात्याच्या बुडाशी असलेल्या जिभलीची उंची व कड, आणि दोन्ही बाजूंचे कान. मानवेलात पाते उभे, त्रिकोणी, केसाळ असते आणि कान अगदी लहान किंवा नसतातच. काठीवरचा पांढरा मेणाचा थर आणि लव यांची नोंद ताजेपणीच करा. वाळल्यावर दोन्ही फसवतात. पाचव्या कांड्याची लांबी, घेर आणि भिंतीची जाडी मोजून ठेवा. आवरण वाळताना गुंडाळले जाते, म्हणून नमुना ठेवण्यासाठी ते ताजे असतानाच कागदात सपाट दाबावे. कागदापेक्षा मोठे असल्यास उभे कापावे, पण जिभली आणि एका बाजूचा कान अखंड राहू द्यावा. गाठीचा क्रमांक त्याच वेळी चिठ्ठीवर लिहावा.

प्रश्न : एस्पर, ब्रँडिसी आणि जायगँटियस या डेंड्रोकॅलॅमसच्या तीन जातींच्या रोपांवरच्या चिठ्ठ्या मिसळल्या आहेत. आता फरक कसा करावा?

उत्तर : रोपांवरून करू नका. पहिल्या काही वर्षांच्या बारीक काठ्यांवरची आवरणे त्या जातीची म्हणून धरता येत नाहीत. या तिघांतही आवरणाचे पाते मागे वळते, त्यामुळे ती खूण इथे कामाची नाही. एस्परच्या खालच्या कांड्यांवर तपकिरी-सोनेरी मखमली लव असते आणि बुडाच्या गाठींभोवती मुळ्यांचे कडे दिसते. जायगँटियसच्या कोवळ्या काठीवर लवेऐवजी पांढरा मेणचट थर असतो, जिभली ताठ व दातेरी. ब्रँडिसीच्या कोवळ्या काठीला पांढुरकी-राखाडी लव असते आणि जिभलीची कड खोलवर फाटलेली असते.

प्रश्न : मेसचे शास्त्रीय नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे आढळले. खरे कोणते?

उत्तर : वनस्पती एकच. वनस्पतिशास्त्रज्ञ मन्रो यांनी 1868 मध्ये ती ऑक्सिटेनॅन्थेरा प्रजातीत घातली, 1991 मध्ये ती स्यूडॉक्सिटेनॅन्थेरात गेली आणि 2004 मध्ये डेंड्रोकॅलॅमसमध्ये. ‘स्टॉक्सी’ हे जातीचे नाव तिन्ही वेळा कायम आहे, म्हणून जुनी माहिती शोधताना तोच शब्द धरावा. बांबूच्या प्रजाती फुलांवरून ठरतात : सहा पुंकेसरांचे तंतू सुटे आहेत की जुळून नळी झाली आहे, हा त्यांतला मोठा निकष. डेंड्रोकॅलॅमसमध्ये ते सुटे असतात. बांबूला फुले फार क्वचित येत असल्याने असे वाद वर्षानुवर्षे रेंगाळतात.

प्रश्न : डीएनए चाचणीने प्रश्न सुटणार नाही का?

उत्तर : अर्धवट. हरितलवकातल्या (पेशीतल्या हिरव्या कणांतल्या) डीएनएच्या नेहमी तपासल्या जाणाऱ्या खुणा बांबूंत इतक्या सावकाश बदलतात की जवळच्या जाती त्यांवरून वेगळ्या पडत नाहीत. चाचणीसोबत आवरणाचा नमुना जपलेला नसेल, तर निकाल पडताळायलाही काही उरत नाही.

प्रश्न : बेटातल्या एकाच काठीला फुलोरा आला आहे. काय जपून ठेवावे?

उत्तर : मानवेलात असा तुरळक फुलोरा येतो, बेट एकाच वेळी फुलण्याची वाट पाहू नका. पुंकेसर बाहेर लोंबू लागले की काही फुलोरे कागदात दाबा आणि काही 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. दाबलेल्या फुलात तंतू सुटे की जुळलेले हे नीट दिसत नाही. त्याच काठीचे आवरण आणि पानांची फांदीही घ्या व सर्वांना एकच क्रमांक द्या. बी धरल्यास तेही त्याच क्रमांकाने ठेवा.