वादळाआधी काचांना चिकटपट्टी लावावी का?

नाही. तुम्ही विचारलंय की वादळाचा इशारा आलाय, तर खिडक्यांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारू का आणि घरात आणखी काय तयारी ठेवू. पट्टीबद्दल कोणीतरी विचारावं म्हणून मी किती वर्षं वाट बघतेय.

आमच्याकडे इशारा आला त्या दुपारी थोरल्या दिरांनी दोन तास खपून एकेका काचेवर रुंद पट्टीच्या फुल्या मारल्या. मी म्हटलं, "भाऊजी, पट्टीने काच फुटायची राहत नाही. त्यापेक्षा पडवीच्या पत्र्याचे हूक बघा, दोन पार ढिले झालेत." तर म्हणे, "तू पाणीबिणी भरून ठेव, हे आम्ही बघतो." भरलं. पिण्याचं माणशी रोजचं चार लिटर धरून तीन दिवसांचं, वापरायचं वेगळं. पाणी, औषधं, टॉर्च, चार्ज केलेले फोन, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, एवढं सगळं माझं उरकलं तरी यांची चौथी खिडकी चालूच.

रात्री बैठकीच्या खोलीतली काच गेली. कुठूनतरी उडत आलेली कुंडी होती. पट्टीने तुकडे एकमेकांना धरून ठेवलेले, त्यामुळे ताटाएवढा एक सुळका आत आला आणि सोफ्याच्या गादीत उभाच रुतला. संध्याकाळी सासरे तिथेच बसले होते.

काचेपेक्षा वाईट म्हणजे वारा आत शिरला. छपरावरून जाणारा वारा ते वर ओढत असतोच, त्यात आत कोंडलेला वारा खालून रेटतो. भाऊजी लागले ओरडायला, "समोरच्या खिडक्या उघडा, दाब निघून जाईल!" हाही तसलाच समज. एक भोक पडलंय म्हणून दुसरं पाडायचं नसतं. मी आतली सगळी दारं लावली आणि सगळ्यांना मधल्या, बिनखिडकीच्या बोळात बसवलं. पडवीचे पत्रे तोवर गेले होते. आधी तेच दोन हूक सुटले, मग बाकीची रांग.

मग एकदम सामसूम. भाऊजी टॉर्च घेऊन पत्रे शोधायला निघाले. अहो, तो वादळाचा डोळा! मध्यभाग डोक्यावरून जात असतो तेवढा वेळ वारा पडतो, आणि परत येतो तो उलट्या दिशेने, तितक्याच जोराने. माझं ऐकलं नाही, सासूबाईंनी सदरा धरून खाली बसवलं तेव्हा बसले. वीसेक मिनिटांत मागचं दार थडथडायला लागलं.

काचा झाकायच्याच असतील तर शटर लावा, नाहीतर जाड प्लायवूड चौकटीला स्क्रूने पक्कं करा. कुंड्या, खुर्च्या, टाकीचं सुटं झाकण आत घ्या. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, जड कुंडीचाही भरवसा नाही. घरात पाणी शिरेल असं वाटलं तर आधीच मेन स्विच बंद करा, पाण्यात उभं राहून हात लावू नका. जनरेटर घरात तर नाहीच, पडवीतही नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बाहेर अर्धा फूट वाहतं पाणीही माणसाला पाडतं.

हे सगळं पक्क्या घरासाठी, बरं का. घर कच्चं असेल, सखल जागी किंवा किनाऱ्यालगत असेल तर वरचं सगळं विसरा आणि निघा म्हणतील तेव्हा निघा. आणि लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली, ही वेगळी गोष्ट आहे, मी बोलतेय ते साध्या काचेबद्दल.

भाऊजी अजून म्हणतात, पट्टी होती म्हणून काच विखुरली नाही. खरंय, अख्खीच सोफ्यात गेली. तुमच्याकडे कोणी पट्टीचं रीळ घेऊन उभं असेल तर त्यांच्या हातात पाना द्या आणि पत्र्याचे हूक आवळायला पाठवा. पण आजच. वारा सुटल्यावर पत्र्यावर कोणी चढायचं नाही, भाऊजींनीसुद्धा नाही.