लेझरने काचेच्या आत रेघ कोरतात, तेव्हा वरचा पृष्ठभाग का खराब होत नाही?

कारण पृष्ठभागावर झोत पसरलेला असतो. काच बदलण्याइतकी तीव्रता फक्त आतल्या केंद्रबिंदूपाशीच तयार होते. या कामात बहुधा वापरतात त्या सुमारे १०३० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला काच पारदर्शक असते, कारण त्याच्या एकेका फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा काचेतल्या इलेक्ट्रॉनला उचलायला पुरत नाही. पण लेझरचा काहीशे फेम्टोसेकंदांचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) सूक्ष्म बिंदूवर एकवटला की इलेक्ट्रॉन एकाच वेळी अनेक फोटॉन शोषतो. हे शोषण तीव्रतेच्या अनेक घातांनी वाढतं, म्हणून केंद्राबाहेर जवळपास काहीच घडत नाही. स्पंद इतका छोटा, की उष्णता पसरण्याआधीच तो संपलेला असतो. त्या जागी अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती मंदावते याचं माप) किंचित, साधारण हजारात एक भाग, बदलतो. काच हळूहळू सरकवली की प्रकाश वाहून नेणारी वाट तयार होते. १९९६ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी हे पहिल्यांदा दाखवलं, आणि माझ्या मते खरी कमाल हीच, की ही वाट तिन्ही मितींत वळवता येते.

मात्र ऊर्जा बेताची हवी. जास्त झाली तर वाटेऐवजी सूक्ष्म पोकळ्या किंवा तडे पडतात, आणि केंद्र पृष्ठभागाच्या फार जवळ असेल तर पृष्ठभागही खराब होतोच.