तांबडा कुणाचा, मिसळ कुणाची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मिसळीवर चार ओळी काय लिहिल्या, पुणे, नाशिक, सांगलीकडनं पत्रं आणि मेसेज यायला लागले. सगळे छापायला जागा नाही, त्यातले पाच घेतलेत.

प्रश्न : ताई, मी माहेरची नाशिकची, लग्न होऊन कोल्हापुरात आले. रविवारी सकाळी आमच्याकडे मिसळीवरून वाद ठरलेला. सासरचे म्हणतात दही-पापड घेऊन खातात ती मिसळ कसली, आणि माझा भाऊ आला की तो म्हणतो ब्रेडबरोबर मिसळ कोण खातं. मला दोन्ही आवडतात पण तसं बोलायची सोय नाही. खरी मिसळ कुठली ते तुम्हीच सांगा.
— एक सूनबाई, राजारामपुरी

उत्तर : सूनबाई, आधी एक सांगते, दोन्ही आवडतात हे खुशाल बोला, त्यात माहेरचा पण अपमान नाही आणि सासरचा पण नाही. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्यावर उभी असते, कांदा-खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजलेलं असतं त्यामुळे रश्शाला एक धुरकट खमंगपणा येतो, आणि त्याला पाव, पापड, दही शोभतं. पुण्यातल्या जुन्या मिसळीत पोहे असतात, चव जरा गोडसर, तिचे पण चाहते आहेत. आमच्या कोल्हापूरच्या मिसळीची गंमत कटात, म्हणजे वरनं ओतायच्या तिखट रश्शात आहे. खाली मोडाच्या मटकीची उसळ, थोडी बटाट्याची भाजी, त्यावर फरसाण किंवा शेव-चिवडा, मग कांदा-कोथिंबीर आणि वरनं लालभडक कट, की तो ओतताना फरसाणाचा चर्र आवाज आला पाहिजे. ब्रेडचा जाड स्लाइस असतो तो एवढ्याचसाठी की तो कट पितो पण लगेच विरघळत नाही, हातात धरून बुडवता येतो. पाव मऊ, तो कटात पडला की लगदा होतो. त्यामुळे आमच्या मिसळीला ब्रेडच, हे मी ठामपणे सांगणार. पण नाशिकच्या मिसळीला ब्रेड द्या असं मी कधी म्हणणार नाही, तिथं पावच पाहिजे. आणि हो, माझं स्वतःचं मत विचाराल तर मिसळ कोल्हापूरचीच! सासूबाईंना हे वाचून दाखवा, भावाला शेवटच्या दोन ओळी सोडून दाखवा.

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. इथं हॉटेलात व्हेज कोल्हापुरी किंवा चिकन कोल्हापुरी मागवलं की लाल तेलाचा तवंग आणि वर दोन तळलेल्या मिरच्या येतात, मुलांच्या डोळ्यातनं पाणी. आता दिवाळीनंतर कोल्हापूरला यायचं ठरतंय तर मुलं नाहीच म्हणतात. तुमच्याकडे खरंच रोज एवढं तिखट खातात का?
— एक आई, पिंपळे सौदागर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं आणि राग पण आला, तुमच्यावर नाही, त्या मेनूकार्डावर. कुठल्याही ग्रेव्हीत मिरचीपूड जास्त टाकायची आणि आमच्या गावाचं नाव लावायचं हे वर्षानुवर्षं चाललंय. ती व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी आमच्या घरात कुणी करत नाही, आमच्या आज्जीला विचारलं असतं तर तिला ती माहीत पण नसती.

खरा मसाला कसा होतो बघा. उन्हाळा लागला की मार्च ते मे घराघरात चटणीचं काम निघतं, चटणी म्हणजे आमचा कांदा-लसूण मसाला. तिखटाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी, ब्याडगीला तिखटपणा कमीच. धणे, जिरे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, तमालपत्र, हिंग हे सगळं वेगवेगळं तेलावर भाजायचं, एकत्र टाकलं तर खसखस करपते आणि धणे कच्चे राहतात. मग डबे घेऊन डंकावर नंबर लावायचा. तिथं मिरची कुटताना गल्लीभर ठसका उठतो, बाया तोंडाला पदर लावून आपल्या डब्याकडं नजर ठेवून बसलेल्या असतात कारण दुसऱ्याच्या मसाल्यात आपला मिसळलेला कुणालाच चालत नाही. शेवटी लसूण, कांदा, कोथिंबीर घालून परत कुटायचं. हा मसाला वर्षभर पुरतो आणि याच्या वासावरनं कुणाच्या घरात आज काय शिजतंय ते शेजारी सांगतात. यात मिरची एक आहे आणि बाकीचे जिन्नस पंधरा-वीस. चव त्या पंधरा-वीसांची आहे!

आणि मुलांसाठी आमच्याकडे पांढरा रस्सा आहे की. मटण आलं-लसूण आणि मीठ घालून शिजवायचं, त्याचं जे पाणी निघतं ते अळणी. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी टाकायची, त्यात भिजवून अगदी बारीक वाटलेली खसखस-तीळ-काजूची पेस्ट परतायची, अळणी ओतायचं आणि एक उकळी आली की गॅस बारीक करून नारळाचं दूध घालायचं. नंतर खळाखळा उकळलं तर दूध फाटतं, तिथंच नवीन माणसाचा रस्सा बिघडतो. लाल मिरची नाही, रंग पांढराशुभ्र, चव मिऱ्याची आणि नारळाची. लहान मुलं वाटी तोंडाला लावून पितात. तांबड्या रश्शाची जरा चव बघू दे, झोंबलं तर पाणी देऊ नका, तिखटपणा पाण्यात विरघळत नाही त्यामुळे पाण्यानं काही होत नाही, दूध किंवा दही द्या. या तुम्ही बिनधास्त.

प्रश्न : भडंग सांगलीचं. कोल्हापूरवाले पाहुण्यांना भडंगाची पाकिटं कोल्हापूरची खासियत म्हणून देतात, हे बंद करा.
— एक सांगलीकर

उत्तर : दादा, भडंगात सांगलीचा मान मोठा, हे मान्य, त्यात वाद नाही. पण जयसिंगपूरला विसरू नका. ते गाव शाहू महाराजांनी वसवलं, वडिलांचं नाव दिलं, आणि आजही ते कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात आहे, सांगलीच्या अगदी दारात. तिथलं भडंग पण तुमच्याइतकंच नावाजलेलं. त्यामुळे पाकिटावर जे गाव छापलंय ते सांगून द्यावं एवढंच मी आमच्या लोकांना सांगीन. हळद आणि बेदाणे मात्र तुमचेच, दोन्हीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथं आम्ही हात पण लावत नाही.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा, कॉलेजला पुण्यात. हॉस्टेलवर एकजण मुद्दाम चिडवतो की तुमची मिरची संकेश्वरची म्हणजे कर्नाटकातली, ब्याडगी पण कर्नाटकातली, नारळ कोकणातला, सोलकढी कोकणातली, मग कोल्हापूरचं आहेच काय? उत्तर सुचलं नाही.
— एक विद्यार्थी

उत्तर : भावा, तू गडहिंग्लजचा असून उत्तर सुचलं नाही? संकेश्वर तुझ्या गावापासनं किती लांब आहे ते त्याला सांग, मिरचीचे शेतकरी आणि व्यापारी दोन्हीकडचे, तुमच्या बाजारात ती मिरची कायमची. राज्याची रेघ नंतर आली, बाजार आधीपासनं आहे. खरं सांगायचं तर मिरची मुळात या देशातलीच नाही, पोर्तुगीजांबरोबर ती समुद्रापलीकडनं आली, त्यामुळे कुठल्याच जिल्ह्यानं मिरचीवर हक्क सांगू नये. गगनबावडा आणि फोंडा घाटातनं नारळ, कोकम वर आलं, आमच्याकडचा गूळ खाली गेला. कोल्हापुरी चपलेचंच बघ, २०१९ ला जीआय मिळाला तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट अशा आठ जिल्ह्यांना मिळून. नाव कोल्हापूरचं, कारागीर दोन्ही राज्यांतले, आणि त्यानं चपलेची शान कमी झाली नाही. जिन्नस चार गावचे असतील, पण अळणीचं पाणी कधी काढायचं, कट किती पातळ ठेवायचा, एका मटणातनं सुक्कं, तांबडा आणि पांढरा तिन्ही कसं निघतं हे इथल्या बायांनी आणि आचाऱ्यांनी बसवलंय. आणि जिन्नस पण सगळे बाहेरचे नाहीत, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आहे की, शिजताना घरभर सुगंध येतो, त्याला पण जीआय आहे. सुट्टीवरनं जाताना किलोभर घेऊन जा आणि त्या मित्राला करून घाल.

प्रश्न : खाण्याचं झालं. पिण्यात कोल्हापूरकडं काय आहे? आमच्याकडे मुंबईत कटिंग चहा आहे, इराणी चहा आहे.
— एक मुंबईकर

उत्तर : दूध! गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळनंतर या, म्हशी तिथं उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळलेला गरम ग्लास हातात देतात. थंड नाही, उकळलेलं नाही, म्हशीच्या अंगाची ऊब असलेलं. आजूबाजूला तालमी, त्यामुळे पैलवान पिढ्यान्‌पिढ्या इथं दूध प्यायलेत. शिवाय तालमीतली बदाम-खसखस वाटून केलेली थंडाई आहे, ती मात्र मेहनत केल्याशिवाय पचत नाही, एक ग्लास घेतला तर जेवायचं नाव काढू नका.

आणि चहाचं म्हणाल तर आमच्या गावातल्या एका चहाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीनं कोल्हापुरात हॉटेल काढलं. ते अस्पृश्य मानलेल्या समाजातले, त्यामुळे त्यांच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींना पण प्यायला लावायचे. शंभर वर्षं होऊन गेली त्याला. मुंबईचा कटिंग चांगलाच आहे, मी आले की पितेच, पण कोल्हापूरच्या चहाबद्दल कुणी विचारलं की मी आधी हे सांगते.

ता. क. गुळाबद्दल पण बऱ्याच जणांनी विचारलंय, पिवळाधमक घ्यावा की काळपट. कोल्हापुरी गूळ फिकट सोनेरी असतो हे खरं, पण एकदम झगझगीत पिवळा दिसला तर विचार करून घ्या. काहिलीत रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढतात, ती नीट निघाली की रंग आपोआप उजळतो, त्याला वरनं काही घालावं लागत नाही. दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं सुरू होतात, तेव्हा इकडं आलात तर गुऱ्हाळावरच जाऊन गरम काकवी चाखून गूळ घ्या, आणि येताना झाकणाचा डबा आणा.