'भारतेर दालाल': मराठीत दलाल की हस्तक?

प्रश्न असा आलाय: बांगलादेशाच्या बातम्यांचं भाषांतर करताना 'भारतेर दालाल' हे शब्द पदोपदी भेटतात. तिथे सरळ 'भारताचे दलाल' लिहिलं तर चालेल का?

अर्थ कळेल, पण बोचणार नाही. आपल्याकडे दलाल हा आधी धंद्यातला माणूस. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारा, शेअरबाजारातला, मुंबईतल्या एका अख्ख्या रस्त्याला नाव देणारा. दलाल आडनावाची माणसंही आहेत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मूळ अरबी शब्दात वाट दाखवणं आहे. हिंदीतली 'दलील' त्याच घरातली.

बंगालीत उच्चार 'दालाल', आणि धंद्यातला अर्थ तिथेही शाबूत आहे. पण १९७१ने त्या शब्दाला दुसरंच वजन दिलं. पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्यांवर खटले चालवण्यासाठी जानेवारी १९७२मध्ये जो आदेश निघाला, त्याला लोक 'दालाल आईन', म्हणजे दलाल कायदा, म्हणू लागले. १९७५च्या अखेरीस तो रद्द झाला, शिवी मात्र राहिली. पुढे दोन्ही बाजूंनी ती वाटून घेतली. शेख हसीनांच्या अवामी लीगवाला दिसला की 'भारतेर दालाल', त्यांच्या विरोधातल्या बीएनपी किंवा जमात-ए-इस्लामीवाला दिसला की 'पाकिस्तानेर दालाल'.

इथे व्याकरणातली एक गंमत बघा. मराठीत शिवी द्यायचीच असेल तर नुसतं 'दलाल आहे तो' म्हटलं तरी ती पुरी होते. बंगाली राजकारणात खरा दंश आधीच्या षष्ठीत आहे: दालाल, पण कुणाचा? त्यामुळे शेजाऱ्याबद्दल स्वतःचं असं मत ठेवायला जागाच उरत नाही. भारताबरोबरचा तिस्ता नदीच्या पाण्याचा करार २०११पासून अडलाय, ही तक्रार तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याची असू शकते. पण ती कोणाच्या तोंडून आली यावर ती देशभक्ती की विरोधकांचा कांगावा, हे ठरतं.

मार्च २०२४मध्ये भारतीय मालावर बहिष्काराची हाक जोरात होती. बीएनपीचे रुहुल कबीर रिझवी यांनी अंगावरची भारतीय शाल काढून रस्त्यावर फेकली, कार्यकर्त्यांनी ती जाळली. त्यावर तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी विचारलं, या नेत्यांच्या बायकांकडे भारतीय साड्या किती, आणि त्या कधी जाळणार? (टोला झकास होता, पाण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला.) नंतर मोर्च्यांत 'दिल्ली ना ढाका? ढाका, ढाका!' ही घोषणा गाजली. तिच्यातला 'ना' नकाराचा नाही, 'की' या अर्थाचा आहे; 'दिल्ली नको' असं भाषांतर करू नका.

तर मराठीत 'हस्तक' लिहा. आपण 'परकीयांचा हस्तक' म्हणतो, आणि त्यालाही षष्ठी लागते. उणीव एकच: हस्तक हा नुसता दुसऱ्याचा हात, त्यात दलालीचा पैसा वाजत नाही. तो ऐकू यायला हवा असेल तिथे 'भाडोत्री हस्तक' करून बघा. 'फितूर' जवळचा वाटतो, पण फितूर एकदा किल्ल्याचा दरवाजा उघडतो. दालाल रोज दुकान मांडून बसलेला असतो.

जाता जाता आणखी दोन शब्द. 'राजाकार' आला की टीप द्याच. मराठवाड्यातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर निजामाचे, १९४८चे रझाकार उभे राहतील. बांगलादेशातले १९७१चे, पाकिस्तानी लष्कराचे साथीदार. मूळ अर्थ दोन्हीकडे 'स्वयंसेवक'. जुलै २०२४मध्ये हसीनांनी आंदोलकांच्या संदर्भात हा शब्द काढला, तेव्हा विद्यार्थ्यांनी तो उलटवून 'आमि के? राजाकार!' अशी घोषणाच केली. त्याच घोषणेत पुढे 'के बोलेछे (कोण म्हणालं)? स्वैराचार!' येतं. तिथे मराठी स्वैराचार डोक्यात आणू नका, नाहीतर भलताच चारित्र्याचा प्रश्न निघेल. बंगालीत तो थेट 'हुकूमशहा' आहे.