वाचकांचे प्रश्न : चिमणरावांच्या हाती जादूची छडी

प्रश्न (परभणी येथील एक प्राध्यापक) : आमच्या वाचनालयाच्या दिवाळी हस्तलिखितासाठी मी चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स शाळेत नेणारी कथा लिहीत आहे. कथेत उडते झाडू आहेत, द्वंद्वे आहेत, गुंड्याभाऊंनी एका राक्षसाला लोळवलेही आहे. पण घरी वाचून दाखवली तेव्हा कोणी हसले नाही. काय बिघडले असावे?

उत्तर : आपण चिमणरावांना हॉगवर्ट्सला पाठवलेत, तेथेच विनोद निसटला असे मला वाटते. तेथे सगळेच अद्भुत असल्यामुळे गेलेला माणूस नुसता पाहत राहतो, आणि पाहत राहणारे चिमणराव म्हणजे प्रवासवर्णन. पुण्यातल्या कारकुनाच्या पगारात, बायको काऊच्या आणि पोराबाळांच्या गराड्यात एखादे साधे काम अंगावर घ्यायचे आणि ते निस्तरता निस्तरता अधिकच बिघडवायचे, ही त्यांची रीत. शिवाय ही सगळी फजिती ते स्वतःच सांगतात, तीही अतिशय गंभीरपणे आणि आपले फारसे काही चुकले नाही अशा थाटात. तो सांगणारा आवाज गेला की मागे नुसती नावे उरतात. तेव्हा पात्रांना तिकडे नेण्याऐवजी तिकडचे नियम इकडे, वाड्यात आणावेत.

नियम म्हणण्याचे कारण असे की, हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग यांच्या जादूजगात विनोदी लेखकाच्या उपयोगाचे जे आहे ते मंत्रांपेक्षा मंत्रांवरच्या बंधनांत अधिक आहे. तेथे शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही. असलेले वाढवता येते, त्याचे रूप बदलता येते, किंवा कोठे आहे हे ठाऊक असेल तर बोलावून घेता येते, इतकेच. म्हणजे काऊच्या डब्यात एक पुरणपोळी शिल्लक असेल तर पंगतभर पाहुण्यांची सोय होईल. पण त्यांचा मुलगा मोरू याने ती शेवटची पोळी नुकतीच संपवली असेल तर छडीचा काही उपयोग नाही, आणि मग उरतो तो शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून पोळ्या बोलावून घेण्याचा मार्ग, ज्याचे समर्थन चिमणराव किती सोज्वळपणे करतील याची कल्पना आपण करू शकता. सतरा वर्षांखालील मुलांना शाळेबाहेर जादू करण्याची मनाई आहे आणि ती मोडली की जादू मंत्रालयाचे पत्र घेऊन घुबड हजर होते. त्या पत्राला चिमणरावांनी आपल्या कचेरीच्या भाषेत सविनय खुलासा लिहावा, सोबत नक्कल जोडावी आणि पोच मिळेपर्यंत घुबडाला ओसरीवरून हलू देऊ नये. एवढ्यावरच एक प्रकरण उभे राहते.

याहूनही मोठा ऐवज गोपनीयतेच्या कायद्यात आहे. जादूगारांनी हा करार 1689 मध्ये केला आणि 1692 पासून तो अमलात आला, असे त्या जगाचा इतिहास सांगतो. सामान्य माणसाला जादूचा सुगावाही लागता कामा नये, हे त्याचे सार. आता हा कायदा अशा वाड्यात लागू करून पाहा, जेथे एका बिऱ्हाडातली फोडणी दुसऱ्या बिऱ्हाडाला न सांगता कळते आणि नळावर कालच्या भांडणाचा तपशील भांडणाऱ्यांपेक्षा इतरांना अधिक ठाऊक असतो. मग मंत्रालयाचे अधिकारी येतील, शेजाऱ्यांच्या स्मृती पुसतील, आणि त्या पुसण्यात शेजाऱ्याने चिमणरावांकडून उसने घेतलेले पंधरा रुपयेही पुसले जातील. त्या रकमेसाठी चिमणराव मंत्रालयाकडे अर्ज करतील, अर्ज केल्यामुळे गोपनीयतेचा भंग होईल आणि भंग झाल्यामुळे अधिकारी पुन्हा येतील. जादूने अडचण सुटली की विनोदी कथा संपते. म्हणून आपल्या कथेत प्रत्येक मंत्राने अडचण एका पायरीने वाढलीच पाहिजे. गुंड्याभाऊंचा राक्षस मात्र मी काढून टाकीन. राक्षसाला लोळवणे हे पराक्रमाच्या कथेचे काम आहे.

काळाचाही विचार करावा. हॅरी शाळेत असतो तो 1990 च्या दशकात, आणि चिमणरावांचे घर त्याच्या कितीतरी आधीचे. मोरूला 1938 मध्ये शाळेत घातलेत, तर हॅरीच्या वेळचे मुख्याध्यापक डंबलडोर अद्याप मुख्याध्यापक झालेले नाहीत, साधे शिक्षक आहेत. आणि त्याच वर्षी टॉम रिडल नावाचा एक अबोल, हुशार मुलगा पहिल्या वर्गात दाखल झाला आहे. पुढे तोच हॅरीचा शत्रू व्होल्डेमॉर्ट होणार हे वाचकाला ठाऊक आहे, चिमणरावांना नाही. अशा मुलाला त्यांनी दिवाळीच्या फराळाला घरी बोलवावे आणि मोरूसमोर त्याच्या शिस्तीचे कौतुक करावे, यापलीकडे मी काही सुचवत नाही.

प्रश्न (अंबाजोगाई येथील एक वाचक) : अशा कथा पुणे-मुंबईच्याच का? आमच्या भागातली माणसे आणि बोली यांत शोभेल का?

उत्तर : शोभेल का, हा प्रश्न मराठवाड्यात विचारला जावा याचे मला नवल वाटते. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात बावन्न पात्रे एकट्याने उभी केली, आणि त्यातले आपल्याकडचे लग्नाचे वऱ्हाड थेट विमानाने लंडनला गेले. त्यात जादू नाही. परंतु वऱ्हाडी मंडळी विमानात बसूनही आपले गाव सोडत नाहीत, ही त्यातली युक्ती आपल्याला जशीच्या तशी उपयोगी पडेल. हॉगवर्ट्सच्या दाराशी उभा राहून “कामून अडवायलाव?” असे विचारणारा माणूस त्या किल्ल्यामुळे दबता कामा नये. बोली मात्र संवादांतच ठेवावी. निवेदनही बोलीत घेतले आणि एखादा लकबीचा शब्द वाक्यावाक्याला आला, तर वाचक माणसाऐवजी त्या लकबीलाच हसू लागतो.

आपल्या भागाचा एक खास ऐवज मात्र अजून कोणी वापरलेला दिसत नाही. निजामाच्या राज्यात आपल्याकडे हाली सिक्का चालत असे आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता, आणि 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आल्यानंतरही हाली रुपया आणखी काही वर्षे व्यवहारात राहिला. जादूगारांच्या नाण्यांत एका गॅलिऑनचे सतरा सिकल आणि एका सिकलचे एकोणतीस नट होतात, म्हणजे गॅलिऑनला 493 नट. या आकड्यांनी इंग्रज वाचक चक्रावतो. पण मोंढ्यातल्या आडत दुकानाचा जुना मुनीम जादूगारांच्या ग्रिंगॉट्स बँकेच्या खिडकीपुढे उभा केलात, तर तो हाली, कलदार आणि गॅलिऑन यांचा तिहेरी दर तोंडी काढील, वर बट्टा कापून घेईल, आणि चक्रावण्याची पाळी ती बँक चालवणाऱ्या गॉब्लिनवर येईल.

प्रश्न (नांदेड येथील एक विद्यार्थिनी) : इंग्रजी विनोदकार वुडहाउस यांचा चतुर नोकर जीव्ज जादूगारांच्या घरी नोकरीला ठेवला तर?

उत्तर : एक अडचण आधीच सांगतो. त्या जगात मालकाने घरच्या एल्फला, म्हणजे राबणाऱ्या बुटक्या जादुई नोकराला, वस्त्र दिले की तो गुलामीतून मुक्त होतो, आणि जीव्जचा मालक बर्टी वूस्टर तर कितीतरी कथांच्या शेवटी आपला भडक कोट किंवा मोजे जीव्जच्या मर्जीखातर त्याच्या स्वाधीन करतो. हा नियम लावलात तर जीव्ज पहिल्याच कथेत मोकळा होईल आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा ट्रे घेऊन येईल. तो का येतो, हे बर्टीला कळू देऊ नये. कथा बर्टीच्याच तोंडून सांगावी.

प्रश्न (लातूर येथील एक ग्रंथपाल) : असे लेखन कायद्याने चालते का?

उत्तर : आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. राम गणेश गडकरी 1919 मध्ये आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 1934 मध्ये निवर्तले, त्यामुळे गडकऱ्यांचा बाळकराम काय किंवा कोल्हटकरांचे सुदामा आणि बंडूनाना काय, ही विनोदी पात्रे केव्हाच मोकळे झाले आहेत. चिं. वि. जोशी 1963 मध्ये गेले. म्हणजे चिमणराव 1 जानेवारी 2024 पासून सर्वांचे झाले. चिमणरावांवरच्या दूरदर्शन मालिकेतले प्रसंग वा संवाद मात्र उचलू नयेत, कारण तिचे हक्क वेगळे आहेत. वुडहाउस 1975 मध्ये वारले, तेव्हा जीव्जला 2035 संपेपर्यंत थांबावे लागेल.

रोलिंग हयात आहेत आणि त्यांचे सर्व हक्क शाबूत आहेत. चाहत्यांच्या लेखनाविषयी त्यांची भूमिका उदार आहे: ते विकले जाऊ नये, अश्लील नसावे आणि मूळ लेखिकेच्या नावावर खपवू नये, असे त्यांच्या वतीने 2004 मध्ये सांगण्यात आले होते. ही सहनशीलता आहे, परवाना नव्हे. 2007 मध्ये कोलकात्याच्या एका दुर्गापूजा मंडळाने हॉगवर्ट्ससारखा मंडप उभारला तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. त्या उत्सवापुरता मंडप राहू दिला गेला, एवढे गणेश मंडळांनी लक्षात ठेवलेले बरे. वाचनालयातले हस्तलिखित फुकट वाचायला ठेवण्यात मला धोका दिसत नाही. त्याचे नाट्यरूपांतर करून तिकीट लावायचे असेल, तर पडदे शिवायला टाकण्यापूर्वी लेखी परवानगी मागावी, आणि ती न मिळाल्यास शाळेचे, मंत्रांचे व नाण्यांचे नाव बदलून आपले स्वतःचे जादूजग रचावे. चिमणराव त्यातही तितकेच गोंधळ घालतील.