जर्नलचा चार्ज घेताय? आधी जुनी देणी बघा

सर, तुमचा प्रश्न वाचला. साताऱ्यातल्या तुमच्या संस्थेचं सामाजिक धोरणावरचं सहामाही जर्नल आता तुमच्याकडे आणि सहकारी मॅडमकडे आलंय, जुने संपादक सर रिटायर झाले, जानेवारीचा अंक काढायचाय, आणि तुम्ही विचारताय की नवीन कव्हर, नवीन नाव आणि संपादक मंडळात पुण्यामुंबईची मोठी नावं, यातलं आधी काय करू. मी सांगलीत असंच एक जर्नल आठ वर्षं सांभाळलंय म्हणून स्पष्टच सांगते, यातलं काहीच नको. आधी देणी बघा, म्हणजे आधीच्या संपादकांनी छापायचं कबूल केलेले संशोधन-पेपर.

मी चार्ज घेतला तेव्हा आधीच्या सरांनी एक कापडी पिशवी हातात दिली. त्यात शिक्का, लेटरहेडचा गठ्ठा आणि लाल बाइंडिंगचं एक रजिस्टर. आलेल्या पेपरांची नोंद, समोर तारीख, आणि काही नावांपुढे पेन्सिलीने नुसती बरोबरची खूण. मला वाटलं खूण म्हणजे पेपर पोचला. पहिल्याच महिन्यात जतहून एका प्राध्यापकांचा फोन आला, मॅडम माझा पेपर कधी येतोय, स्वीकारल्याचं पत्र मिळून दोन वर्षं झाली. तेव्हा कळलं की खूण म्हणजे पत्र दिलेलं. बसून मोजल्या, १९ खुणा. आणि आमच्या अंकात बसतात फार तर ८ पेपर. म्हणजे माझे पहिले दोन अंक माझे नव्हतेच, आणि मी मात्र विशेषांकाचा विषय ठरवून कॉलेजांना पत्रकं पाठवून बसलेले.

तुम्हाला वाटेल जुने पेपर दर्जाचे नाहीत, काढून टाकू. तसं करता येत नाही. संशोधन-प्रकाशनातले नीतिनियम सांगणारी कोप (COPE) नावाची संस्था आहे, १९९७ पासूनची, तिचं यावर सरळ म्हणणं आहे की आधीच्या संपादकाने छापायचं कबूल केलेलं नव्याने फिरवायचं नाही, गंभीर काही सापडलं तरच. पेपर पुचाट आहे हे गंभीरमध्ये धरत नाहीत. चोरी, खोटा डेटा, एकच पेपर दोनदा छापलेला, हे गंभीर. म्हणून मी १९ च्या १९ पेपर नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्याच्या वर दंडाच्या पायऱ्या सुरू होतात. दोन पेपर ४० च्या वर गेले, त्यांना लेखी कळवलं. एका मराठी पेपरला मात्र शून्य टक्के आलं, इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी स्टाफरूममध्ये कौतुकसुद्धा केलं. नंतर ऑपरेटर म्हणाला मॅडम तो पेपर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलाय, युनिकोड नाही, मशिनला त्यात मराठी दिसतच नाही, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. युनिकोड करून परत टाकला तर निम्मा पेपर दुसऱ्याचा. तेव्हा मराठी पेपर घेत असाल (घ्याच, सामाजिक धोरणावर मराठीत लिहिणारं आधीच कमी आहे) तर युनिकोडशिवाय घेणार नाही हे नियमातच टाका. जुने अंक पेजमेकरमध्ये (छपाईचं जुनं सॉफ्टवेअर) पडून असतील तर त्यांचंही हेच दुखणं, कुठे सर्चला येत नाहीत.

जर्नलच्या नावाचं म्हणाल तर हात लावू नका. आयएसएसएन नंबर, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, नावाला चिकटलेला असतो, नाव मोठ्या प्रमाणात बदललं की नवा नंबर घ्यावा लागतो आणि इतक्या वर्षांची ओळख मागे राहते. छापील आणि ऑनलाइनचा नंबरही वेगवेगळा असतो, तुमच्याकडे दोन्ही आहेत का बघा. तुमच्याच जिल्ह्यात वाईला प्राज्ञपाठशाळेचं नवभारत मासिक आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, मे. पुं. रेगे अशा माणसांनी ते चालवलं, संपादक बदलले, नाव तेच राहिलं.

केअर यादीचे, म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीचे, फोन येतीलच. सर तुमचं जर्नल केअरमध्ये आहे का, प्रमोशनची फाइल द्यायचीय. यूजीसीने ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि जर्नल कसं पारखावं याचे निकष देऊन चेंडू विद्यापीठं-कॉलेजांकडे टाकला, पण फोन थांबत नाहीत. शांतपणे सांगायचं, यादीच राहिली नाही.

रिव्ह्यूअरचा, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासून मत देणाऱ्या जाणकारांचा, त्रास सगळ्यात जास्त. एका पेपरला दोन रिव्ह्यूअर मिळवायला सहा-सात जणांना विचारावं लागतं, होकार देऊन गप्प बसणारे वेगळेच. आणि एका ओळीचा रिव्ह्यू येतो, पेपर चांगला आहे छापावा. तो रिव्ह्यू धरायचाच नाही, फोन करून विचारायचं की सर यातला तक्ता दोन बघितलात का, नव्वद टक्के वेळा बघितलेला नसतो. शिवाय रिव्ह्यूअरला लेखक कळू नये म्हणून नाव झाकून पाठवताना वरचं नाव पुसून भागत नाही, आतमध्ये "आमच्या महाविद्यालयाने आटपाडीत केलेल्या पाहणीत" असं वाक्य असतं, झाकलं काय?

आता खरं संपादन म्हणजे काय ते सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. माझ्याकडे तासगावच्या एका कॉलेजमधून रोजगार हमीवर पेपर आला. पहिली तीन पानं १९४२ चा बेव्हरिज रिपोर्ट (ब्रिटनमधला सामाजिक सुरक्षेवरचा), मग कल्याणकारी राज्याच्या व्याख्या, मग एकदम २००५ चा केंद्राचा कायदा आणि शेवटी २० मजुरांची प्रश्नावली. त्याच तासगाव तालुक्यात विसापूरला रोजगार हमीचे जनक वि. स. पाग्यांनी साठच्या दशकात ही कल्पना आधी करून बघितली, त्यातूनच पुढे ७२ च्या दुष्काळात राज्यभर योजना झाली, १९७७ ला महाराष्ट्राचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, यातलं एक अक्षर नाही! रिव्ह्यूअरने पेपर नाकारा म्हटलेलं. मी लेखिकेला बोलावून घेतलं, म्हटलं बेव्हरिज काढा, एसटीने विसापूरला जा, तेव्हा कामावर गेलेली म्हातारी माणसं अजून असतील. चार महिन्यांनी पेपर परत आला तो ओळखू येईना. आठ वर्षांत असे पेपर मला सहा मिळाले असतील, बाकी प्रमोशनचे. सध्या तुमच्याकडे लाडकी बहीणवर ढीग येईल, दीड हजारात बाईने काय काय केलं हे घरात बसून विचारलेला एखादा निघाला तर तो धरा, बाकी जीआरची नक्कल असते.

संस्थेतून फोन येईल, अमक्याचा पेपर जरा बघा. तुम्ही दोघं आहात हे बरंय, आत्ताच लिहून ठेवा की आपल्या संस्थेतल्या माणसाचा पेपर आला तर निर्णय बाहेरच्या मंडळ सदस्याचा. मग फोनवर नाही म्हणावं लागत नाही, नियमावर ढकलता येतं.

आणि वेबसाइटचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच विचारा. आमचं एका माजी विद्यार्थ्याच्या ईमेलवर घेतलेलं, तो पुण्याला गेला, नंबर बदलला, ओटीपी कुठे जायचा देव जाणे. मुदत संपली आणि कुणीतरी ते उचलून आमच्याच नावाने, आमचाच आयएसएसएन लावून पेपर छापायचे पैसे घ्यायला लागलं. लेखक पावत्या घेऊन आमच्या दारात. तुमच्या जुन्या संपादक सरांना फोन करा, पण पाचनंतर, रिटायर माणूस दुपारी झोपलेला असतो आणि झोपेतून उठवलं तर पासवर्ड आठवत नाही.